येसराच्या यादीतलं पाचवं नाव

या, जरा जवळ सरकून बसा. तो मोबाईल एवढा डोळ्यांपाशी धरू नका, नाहीतर माझ्यासारखं व्हायचं. आणि रागावणार नसाल तर एक बोलते... तुम्ही या मंचावर फार भांडता. एखादा बिचारा आपला भुताखेताचा अनुभव लिहितो, की निम्मे त्याला खोटारडा म्हणतात आणि निम्मे त्याला आणखी घाबरवतात. माणसानं मन मोकळं करायला यावं आणि मार खाऊन परत जावं. असं असतंय व्हय?

मी बरेच दिवस नुसती वाचतेय. लिहायचं धाडस झालं नाही, कारण माझ्या गोष्टीत रात्र नाही, स्मशान नाही, पैंजण नाहीत. आणि खरं सांगायचं तर माझा असल्या कशावर विश्वासच नव्हता. माझं माहेर घाटाखालचं, सासर कन्नडचं. तो घाट मी जन्मभर चढले-उतरले. एसटीनं, जीपनं, एकदा तर उसाच्या ट्रॅक्टरवर बसून. तुम्ही म्हणता ती पांढऱ्या साडीतली बाई सोडा, पांढरा बैलसुद्धा कधी आडवा आला नाही. एकदा टायर फुटलं, तेवढंच.

आता जे झालं ते भर दुपारी झालं. चहा उकळत होता. आणि झालं कॉम्प्युटरवर.

आम्ही सिडकोत राहतो, एन-सातला, वरच्या मजल्यावर. मी आणि आमचे हे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर. दाराजवळ ह्यांची खुर्ची. मग मधली खोली, तिला पडदा. आणि शेवटी स्वयंपाकघर. कॉम्प्युटर नातीचा जुना. आला तेव्हा मी त्यावर क्रोशाचा रुमाल टाकून ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून. माझी शाळा सातवीपर्यंत. पण व्हिडिओ बघत बघत, थांबवत, परत लावत, मी एकेक शिकले. ह्यांनी लई चेष्टा केली. "माउस धरलाय का लाटणं?" म्हणायचे. म्हटलं, दोन्ही मीच धरणार, तुम्ही पेपर धरा.

तर मी एक वेबसाईट केली. हसू नका. नात्यागोत्यातल्या पोरी लग्न निघालं की फोन करायच्या, काकू मेतकूट कसं, सांडगे कसे, येसर कसा. तेच तेच सांगून घसा बसायचा. म्हटलं, एकदाच लिहून ठेवावं.

मराठवाड्याबाहेरच्यांना येसर माहीत नसेल म्हणून सांगते. ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, तीळ, मिरे, दगडफूल असं एकेक वेगवेगळं भाजायचं आणि कुटून त्याची पूड करायची. पाण्यात कालवून लसणाच्या फोडणीत टाकली की आमटी. लग्नघरात या येसराचा मुहूर्त असतो. मुसळाला आंब्याची पानं नि हळकुंड बांधायचं आणि पाच सवाष्णींनी मिळून पहिले घाव घालायचे. बाकीचं आता मिक्सरमध्ये होतं, पण ते पहिले घाव हातानंच.

आणि येसराचं असं आहे, की माप तेच असलं तरी हात बदलला की चव बदलते. म्हणून माझ्या साईटवर प्रत्येक पदार्थाखाली एक रकाना आहे, "कोणाच्या हातचं". मागच्या बाजूला, म्हणजे जिथं आपण लिहितो तिथं, त्या रकान्यावर क्लिक केलं की नावांची यादी खाली उघडते. त्यातलं एक निवडायचं. यादी मीच भरली होती. सासूबाई, शालिनीवन्सं, विमल म्हणजे मी, आणि इतर. चारच. पासवर्ड माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. ह्यांना तर कॉम्प्युटर चालू कुठून होतो तेही माहीत नाही.

आता माझे डोळे. एकाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय. म्हणून मी पडद्यावरची अक्षरं मोठी करून ठेवते, आणि बोलून दाखवायची सोय असते ना, तीही चालू ठेवते. त्यात एक बाई बोलते. आम्ही तिला "ती बाई"च म्हणतो. शालिनीवन्संचं नाव ती असं घेते, की वाटावं एखाद्या औषधाची बाटली आहे. पण भली आहे. बाणाची कळ खाली दाबत गेलं की एकेक नाव वाचते आणि कितव्या नंबरवर आहोत तेही सांगते.

अक्षरं मोठी केली आणि ती यादी कापली जायला लागली. सासूबाई पूर्ण दिसायच्या, वन्सं पूर्ण, मी पण पूर्ण... आणि त्याखाली "इतर"ची नुसती वरची रेघ. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्याचे चिमटे दिसावेत आणि कपडा दिसू नये, तसं. मला काही अडत नव्हतं. ती बाई वाचायचीच की. म्हणून तसंच चालू ठेवलं.

आता लेकीचं सांगते, कारण सगळं तिच्यापाशी येतंय.

माझी लेक माधुरी. कन्नडला शाळेत शिकवते. जावईबापू जाऊन फार काळ झालेला नाही. आणि नातीचं, रेवाचं, लग्न ठरलं. रेवा शेंद्र्याला कंपनीत आहे, तिकडंच मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. येसर माझ्याकडं करायचा ठरला, सगळ्यांना मध्यावर पडतं म्हणून. तर माधुरीचा फोन.

"आई, येसराच्या दिवशी मी सकाळीच येते. पण मी आतल्या खोलीत बसणार. तू हट्ट करायचा नाही."

"लेक तुझी, लग्न तुझ्या घरचं. आत बसून काय करणार तू?"

"लसूण सोलीन."

"एवढा लसूण कोणाला लागतोय गं?"

"आई, थट्टा नको. माझ्या सासरच्या बायका येणारेत. उद्या रेवाच्या संसारात काही कमी-जास्त झालं, तर माझ्या हातामुळं झालं म्हणतील. लोक म्हणोत नाहीतर न म्हणोत... मीच म्हणेन मला."

लोकांशी भांडता येतं. लेकीच्या पोटातल्या भीतीशी कसं भांडायचं?

फोन ठेवला आणि मला गोदाक्का आठवल्या. गोदाक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, ह्यांच्या मोठ्या भावाची बायको. भाऊजी फार लवकर गेले. मूलबाळ नाही. कन्नडच्या घरी एखादं लग्न निघालं की येसर कुटायला सगळ्या ओसरीवर जमायच्या आणि गोदाक्का आतल्या खोलीत. पडदा ओढलेला. पण सगळा येसर चालायचा त्यांच्या नाकावर. आतूनच आवाज यायचा, "धने उतरवा आता, कडू होतील." "डाळ कच्ची आहे अजून, घाई कोणाला झालीय?" आमची माधुरी तेव्हा फ्रॉकातली, त्यांना मोठीआई म्हणायची. वाटीत चिमूटभर पूड घेऊन ती आत पळायची आणि निरोप घेऊन बाहेर यायची. मग सगळ्या गावात नाव व्हायचं, सासूबाईंच्या हातचा येसर म्हणून. आणि ते खोटंही नव्हतं. कुटायच्या सासूबाईच. गोदाक्कांचा हात त्याला कधी लागलाच नाही. माधुरी शाळकरी होती तेव्हाच त्या गेल्या.

म्हणून माझ्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. रकान्याचं नावच "कोणाच्या हातचं". त्यात त्यांना कुठं घालणार?

तर त्या दुपारी मी येसराचं पान उघडलं. रेवाला घरी न्यायला माप नीट लिहून हवं होतं. माप लिहिलं, खाली आले, रकान्यावर क्लिक केलं. यादी उघडली, नेहमीसारखी कापलेली. मी बाणाची कळ दाबत गेले.

ती बाई म्हणाली, "सासूबाई. शालिनीवन्सं. विमल. इतर."

माझं लक्ष चहाकडं. बोट आणखी एकदा खाली पडलं.

"गोदाक्का. पाचपैकी पाच."

ह्यांनी पेपर खाली केला. "वहिनीचं नाव कोणी घेतलं?"

"तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं म्हणजे काय, बहिरा आहे का मी? तू लिहिलंस होय वहिनीचं नाव? बरं केलंस."

"मी नाही लिहिलं."

"मग?"

मला भीती वाटली नाही, खरंच. पण कळीवरचा हात आपोआप उचलला गेला आणि यादी मिटली. हे खुर्ची सोडून माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले. मी परत उघडली. परत एकेक खाली गेले. आणि परत तेच... "गोदाक्का. पाचपैकी पाच." औषधाच्या बाटलीसारखं नाही हो. आम्ही घरात जशी हाक मारायचो तसं, "दा" जरा लांबवून.

पडद्यावर तर "इतर"च्या रेघेखाली काहीच दिसत नव्हतं. खाली जे काही होतं ते कापलेल्या भागात.

मी रेवाला फोन लावला. "बाई, तू माझ्या साईटमध्ये काही केलंस का?"

"आजी, तू मला पासवर्ड दिलायस का कधी? मागितला तर म्हणालीस, बँकेचा मागतेस का काय." मग म्हणाली, "काय झालं?"

म्हटलं, काही नाही. यादी कापली जातेय, दुरुस्त करते.

चहा तोवर उतू गेला होता. ह्यांनी तो पुसला, आणि आमच्या संसारात हा प्रकार मला त्या नावापेक्षाही नवीन होता.

मग मी बसले. मला ते नाव डोळ्यांनी बघायचं होतं. आधी अक्षरं लहान केली, तर मला सासूबाईसुद्धा दिसेनात. परत मोठी केली. मग यादी खालच्याऐवजी वर उघडते का बघितलं, तर वरून कापली गेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यादी लांडी नव्हतीच. यादी पुरी होती. ती ज्या चौकटीत बसवली होती ती चौकट तिला कापत होती. पानाच्या पोटात डोकावायची एक सोय असते, इन्स्पेक्ट म्हणतात, ती मी व्हिडिओत बघितली होती. त्यातून शोधत शोधत त्या चौकटीपाशी पोचले. तिथं लिहिलेलं होतं, "ओव्हरफ्लो हिडन". म्हणजे चौकटीबाहेर जे जाईल ते झाकून टाक. मी ते "हिडन" पुसलं आणि "व्हिजिबल" केलं. म्हणजे, बाहेर येणाऱ्याला येऊ दे, दिसू दे.

एवढंच होतं. एक शब्द.

हे म्हणाले, "उघड आता."

उघडली. यादी सुळकन् पूर्ण खाली आली, चौकटीच्या बाहेर, छान मोकळी. सासूबाई. शालिनीवन्सं. विमल. इतर.

आणि खाली पांढरं.

मी कळ दाबत गेले. ती बाई म्हणाली, "इतर. चारपैकी चार."

परत केलं. चारपैकी चार. "व्हिजिबल"चं परत "हिडन" केलं, यादी पहिल्यासारखी कापली. तरी चारपैकी चार. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, साईटच्या सेटिंगमध्येच कायमचं "व्हिजिबल" लिहून ठेवलं. चारच.

सांगू का, तेव्हा मात्र डोळ्यात पाणी आलं. भीतीनं नाही. कोणीतरी दारापर्यंत येऊन, आपण कडी काढेपर्यंत परत गेलं, तसं वाटलं. हे म्हणाले, "अगं, मग तूच लिही की नाव. त्यात काय." बरोबर होतं त्यांचं. यादीत नवीन नाव घालायची जागा असते तिथं मी "गोदाक्का" लिहिलं आणि बटण दाबलं.

लाल अक्षरं आली. ती बाई वाचून म्हणाली, "हे नाव यादीत आधीपासून आहे."

ह्यांनी वाकून ती लाल अक्षरं स्वतः वाचून बघितली.

संध्याकाळी मी माधुरीला फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं म्हणेल, आई, डोळ्याचं ऑपरेशन लवकर करून घे.

पण ती म्हणाली, "आई, तुला माहितीय का... मी वाटी घेऊन आत गेले ना, की मोठीआई आधी वाटी नाही हुंगायची. आधी माझा हात हुंगायची. म्हणायची, वाटीत पडतं ते वरवरचं, हाताला लागतं ते खरं."

माझ्या पोरीनं हे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

"मग आता कसं करतेस?" म्हटलं.

"आई, मी आतच बसणार," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

येसराच्या दिवशी ती आली, पाया पडली, आणि खरंच लसणाची पिशवी घेऊन पडद्यामागं जाऊन बसली. पुढच्या खोलीत उखळ मांडलं होतं. शेजारून मागून आणलेलं, आमचं कधीच गेलं. बायका जमल्या. माधुरीच्या मोठ्या जाऊबाई आल्या होत्या, करड्या आवाजाच्या. त्यांचीच माधुरीला जास्त धास्ती. शालिनीवन्सं होत्या, शेजारच्या एक होत्या, आणि मी. चौघी. पाचवी, म्हणजे शालिनीवन्संची सून, क्रांती चौकाच्या पलीकडं ट्रॅफिकमध्ये अडकलेली. दर थोड्या वेळानं तिचा फोन, "निघालेच मी."

"जागेवरच निघालीय," शालिनीवन्सं म्हणाल्या. "आमच्याकडं रोज अशीच निघते."

तोवर भाजायला घ्या म्हटलं. गॅसची छोटी शेगडी मी पुढच्या खोलीतच मांडली होती, तिच्यावर कढईत धने टाकले आणि बायका लागल्या बोलायला. साड्या, हॉल, मुलाकडचे किती जण येणार. रेवा मध्ये बसून सगळ्यांना मोबाईलवर फोटो दाखवत होती. माझंही लक्ष फोटोत.

आणि पडद्यामागून आवाज आला, "आई, धने उतरव. कडू होतील."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं. आवाज माधुरीचाच होता, त्यात काही अमानवीय नाही. तिला कदाचित कळलंही नसेल आपण काय बोललो ते. पण माझ्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

शालिनीवन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी... अगदी गोदाक्का."

मी गॅस बंद केला. म्हटलं, "पाचवीची वाट बघायची नाही. पाचवी आत बसलीय."

रेवानं मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला आणि ती पडद्याकडं बघत बसली. मी माधुरीच्या मोठ्या जाऊबाईंकडं बघितलं. मनात म्हटलं, बोलायचं असेल ते आत्ता बोलू देत, मांडवात नको.

त्यांनी कढईत वाकून बघितलं. एक दाणा दातांखाली धरला. मग त्यांच्या त्या करड्या आवाजात म्हणाल्या, "काकू, आणा तिला बाहेर. धने खरंच कडू व्हायला आले होते. आपण चौघी इथं बसून कोणाला कळलं नाही."

मी आत गेले. माधुरी मान खाली घालून बसलेली, पुढ्यात सोललेल्या लसणाचा ढीग.

"आई, नको," म्हणाली.

मी तिचा हात धरला, वर केला आणि हुंगला. "नुसता लसूण," म्हटलं. "चल, याला दुसरा वास लागू दे."

ती रडता रडता हसली. मग उठली.

मुसळावर पाच हात होते. पहिला घाव कोणी घातला ते मी नाही सांगणार, पण रेवानं त्याचा फोटो काढलाय आणि तो तिच्या घरात लावणार म्हणते.

जेवणं झाल्यावर सगळ्या गेल्या आणि माधुरी माझ्या टेबलापाशी येऊन बसली. "दाखव बरं." मी यादी उघडून दाखवली. मोकळी, पूर्ण, चार नावं. नवीन नाव घालायच्या जागी परत "गोदाक्का" लिहून दाखवलं. परत लाल अक्षरं. हे नाव यादीत आधीपासून आहे.

"पुसून दुसरीकडून घालून बघू का?" मी म्हटलं. "असे काही उपाय असतात."

तिनं माझा हात माउसवरून बाजूला केला. तिच्या बोटांना अजून येसराचा वास होता.

"आहे म्हणतंय ना ते, मग आहे. राहू दे, आई."

म्हणून राहू दिलंय.

तुमच्यातले कॉम्प्युटरवाले आता लगेच लिहितील, आजी, ते मेमरीत अडकलेलं असतं, जुनं काहीतरी राहिलेलं असतं. असेल हो. मी नाही म्हणत नाही. पण जुनं राहायला ते नाव आधी कोणीतरी लिहिलेलं तर पाहिजे ना? आणि दोन्ही वेळा ह्यांनी कसं ऐकलं? आणि ज्या बाईला शालिनीवन्सं नीट म्हणता येत नाही, तिला "गोदाक्का" आमच्यासारखं म्हणायला कोणी शिकवलं? मला अजून उत्तर सापडलेलं नाही. रोज यादी उघडते, शेवटपर्यंत जाते, एक कळ जास्तच दाबते. काही होत नाही.

लग्न चांगलं झालं. रेवा एक डबा घेऊन गेली, माधुरी एक. तिसरा माझ्याकडं आहे, निम्म्याच्या वर भरलेला. तेव्हा इथं भांडत बसण्यापेक्षा ज्याला शंका असेल त्यानं सरळ घरी यावं, स्वतःच्या हातानं ती कळ दाबून बघावी आणि जेवून जावं. आमटी गरम करायला मला वेळ लागत नाही, आणि दार आमचं नुसतं लोटलेलं असतं. डबा संपायच्या आत या, लवकर या. पुढच्या खोलीतच बसू सगळे.